गाणे मुद्रित झाले, पुढे काय? मिक्सिंगची पहिली ओळख

घरातील एका खोलीत संगणक, एक-दोन मायक्रोफोन आणि आवाज संगणकापर्यंत पोहोचविणारा छोटासा ऑडिओ इंटरफेस एवढ्या सामग्रीवर आज गाणे मुद्रित करता येते. भजनी मंडळे, सुगम संगीताचे विद्यार्थी, हौशी संगीतकार आपले अभंग आणि भावगीते स्वतःच मुद्रित करून इंटरनेटवर ठेवू लागले आहेत. गायक सुरेल असतो, तबलजी तयारीचा असतो, मायक्रोफोनही बरा असतो. तरीही ऐकणाऱ्याला अभंगाचे शब्द कळत नाहीत, पेटी गळ्यावर चढून बसते आणि टाळांच्या किणकिणाटाने कान किटतात. अशा वेळी दोष गाण्याचा नसून मुद्रणानंतरच्या मिश्रणाचा, म्हणजेच मिक्सिंगचा असतो.

वेगवेगळ्या ट्रॅकवर मुद्रित केलेले आवाज एकत्र आणून त्यांतून एकसंध गाणे घडविणे म्हणजे मिक्सिंग. या विषयाभोवती तांत्रिक शब्दांचे आणि महागड्या सॉफ्टवेअरचे एवढे जंजाळ उभे राहिले आहे, की नवशिक्याला सुरुवात कोठून करावी हेच उमगत नाही. वस्तुतः या कलेचा पाया एकाच प्रश्नात सामावलेला आहे : या क्षणी कोणता आवाज कोणत्या आवाजाला झाकतो आहे? हा प्रश्न कानाला पडू लागला की उपकरणे आपोआप कळू लागतात. तो पडत नसेल तर कितीही उपकरणे घेतली तरी उपयोग होत नाही.

हे समजून घेण्यासाठी एक साधे उदाहरण समोर ठेवू. एक अभंग मुद्रित झाला आहे. गायक पुरुष असून त्याची पट्टी काळी एक आहे. साथीला पेटी, तबला-डग्गा, टाळ आणि तानपुरा आहे. तबल्याला एक आणि डग्ग्याला एक असे दोन मायक्रोफोन धरले तर एकूण सहा ट्रॅक झाले. या सहा ट्रॅकचे गाणे करावयाचे आहे.

अंतरापासून फेडरपर्यंत

मिक्सिंग हा शब्द नवा असला तरी समतोलाचा प्रश्न ध्वनिमुद्रणाइतकाच जुना आहे. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले तेव्हा मायक्रोफोन नव्हते. कलावंत एका मोठ्या शिंगासमोर गात आणि त्या आवाजाच्या बळावरच तबकडीवर रेषा कोरली जाई. त्या काळी समतोल साधण्याचा मार्ग एकच होता, तो म्हणजे अंतर. गायक शिंगाच्या अगदी जवळ आणि साथीदार मागे किंवा बाजूला. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण आले आणि मायक्रोफोनचा जमाना सुरू झाला. पुढे कित्येक वर्षे मुंबईतील चित्रपटगीते गायक आणि संपूर्ण वाद्यवृंद एकाच वेळी वाजवून मुद्रित होत. ध्वनिमुद्रकाला समतोल तेथल्या तेथे, गाणे चालू असतानाच साधावा लागे. एखादे व्हायोलिन चुकले तरी सगळे पुन्हा पहिल्यापासून.

प्रत्येक वाद्य स्वतंत्र ट्रॅकवर घेण्याची सोय आली आणि ही पद्धत बदलली. अमेरिकी गिटारवादक लेस पॉल यांच्यासाठी अँपेक्स कंपनीने १९५७ मध्ये आठ ट्रॅकचे यंत्र बनविले. बीटल्सचा १९६७ चा ‘सार्जंट पेपर’ हा गाजलेला अल्बम चार ट्रॅकच्या यंत्रांवर मुद्रित झाला. आज साध्या संगणकावरही शंभर ट्रॅक सहज उघडतात. यामुळे समतोलाचा निर्णय मुद्रणाच्या क्षणापासून सुटला आणि नंतर निवांतपणे घेता येऊ लागला. ही सोय मोठी आहे. पण निर्णय नंतर घेता येतो म्हणून तो सोपा झाला असे मात्र नाही.

आधी साफसफाई, मग पातळी

मिक्सिंगला बसण्यापूर्वी मूळ मुद्रणाची प्रत वेगळी जपून ठेवावी. नंतर प्रत्येक ट्रॅक एकेकटा ऐकावा. पंख्याची घरघर, रस्त्यावरच्या रिक्षाचा आवाज, गायक गात नसताना त्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरलेले टाळ अशा जागा हेरून शांत कराव्यात. श्वासाचे आवाज मात्र सरसकट कापू नयेत. श्वासावाचून गाणारा गळा ऐकताना कानाला खटकतो.

यानंतरचे काम पातळीचे, म्हणजे फेडरचे. डिजिटल यंत्रणेत शून्य डेसिबल हे छत असते. त्यावर गेलेला आवाज फाटतो आणि तो पुन्हा शिवता येत नाही. म्हणून एकेका ट्रॅकचे उंचवटे उणे १० डेसिबलच्या आसपास राहतील आणि सर्वांची बेरीज उणे ६ च्या पुढे जाणार नाही, अशी मोकळीक आरंभापासून ठेवावी. मुद्रण २४ बिटवर केले असेल तर पातळी कमी ठेवल्याने काही बिघडत नाही.

आता सर्व फेडर पूर्ण खाली आणावेत आणि प्रथम फक्त गळा वर घ्यावा. मग डग्गा आणि तबला. ठेका आणि शब्द दोन्ही स्पष्ट ऐकू येऊ लागले की पेटी हळूहळू वर आणावी. एका क्षणी शब्द पुसट होऊ लागतात. तेथे थांबून पेटी किंचित खाली घ्यावी. तानपुरा असा ठेवावा की चालू असताना त्याकडे लक्ष जाऊ नये, पण बंद केल्यास त्याची उणीव भासावी. टाळ सर्वांत शेवटी.

समतोल साधला की नाही, हे पाहण्याची एक जुनी युक्ती आहे. स्पीकरचा आवाज अगदी बारीक करावा, शेजारच्या खोलीतून येतो आहे असे वाटेल इतका. त्या बारीक आवाजातही शब्द आणि ठेका उरले पाहिजेत. केवळ टाळ उरले असतील तर ते मोठे आहेत. केवळ ठेका उरला असेल तर गळा मागे पडला आहे. एवढे काम कोणतेही उपकरण न लावता होते आणि चांगल्या मिश्रणाचा मोठा वाटा येथेच पार पडतो. नवशिके नेमकी हीच पायरी घाईने ओलांडतात.

कोण कोणाला झाकतो?

माणसाच्या कानाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. प्रत्येक वाद्य या पट्ट्यात आपापली जागा व्यापते. दोन आवाजांची जागा एकच असेल तर मोठा आवाज लहान आवाजाला गिळतो. यालाच ध्वनिशास्त्रात मास्किंग म्हणतात.

आपल्या अभंगात ही झाकाझाकी कोठे होते ते पाहू. काळी एक पट्टीतील पुरुषी गळ्याचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो आणि त्याखालील पंचम सुमारे १०४ हर्ट्झचा. तानपुऱ्याच्या खर्जाची तार त्याहून खाली, ६९ हर्ट्झच्या आसपास असते. डग्ग्याचा घुमाराही याच तळाच्या भागात वावरतो. म्हणजे तळाशी डग्गा आणि तानपुरा यांची गर्दी होते.

मधल्या भागात खरा संघर्ष आहे. पेटी गायकाच्या मागोमाग तेच स्वर वाजवते. पाश्चात्त्य संगीतातील गिटार किंवा पियानो बहुधा गायकाहून वेगळे स्वर धरतात; आपली पेटी मात्र गळ्याच्या सावलीसारखी चालते. स्वर तोच, क्षणही तोच आणि पेटीचे उपस्वर भरगच्च. त्यामुळे गळ्याला सर्वांत जास्त झाकणारे वाद्य पेटी हेच असते. शब्दांची स्पष्टता ज्या व्यंजनांवर अवलंबून असते, त्यांचा बराच भाग दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असतो आणि पेटीचे उपस्वर तेथपर्यंत सहज पोहोचतात.

वरच्या भागात टाळांचे राज्य असते. ‘स’, ‘श’, ‘च’ या वर्णांची सळसळ पाच ते आठ हजार हर्ट्झच्या आसपास असते आणि टाळांची किणकिणही तेथेच. टाळ मोठे झाले की हे वर्ण नाहीसे होतात आणि ‘संत’ हा शब्द नुसता ‘अंत’ असा ऐकू येतो.

तबल्याचे मात्र एक वैशिष्ट्य आहे. सामान्य ढोलाच्या पडद्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी सुसंवादी नसतात. तबला व मृदंगाच्या पुडीवरील शाईमुळे ते सुसंवादी होतात, हे सर सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये सहकाऱ्यासह दाखवून दिले. तबला हा सुरात बोलतो. म्हणूनच तो गायकाच्या षड्जाला नीट लावलेला नसेल तर ती उणीव मिक्सिंगमध्ये भरून निघत नाही.

इक्वलायझर : वाढविण्यापेक्षा घटविणे बरे

आवाजाचा एखादा पट्टा कमी-अधिक करण्याचे साधन म्हणजे इक्वलायझर. शब्द कळत नाहीत म्हटल्यावर गळ्याचा वरचा पट्टा वाढविण्याकडे हात जातो. त्याने गळा कर्कश होतो, मग पेटी निस्तेज वाटते, मग तीही वाढविली जाते आणि शेवटी सारेच गाणे टोचू लागते. त्याऐवजी पेटीचा दोन ते तीन हजार हर्ट्झचा पट्टा दोन-तीन डेसिबलने उतरवून पाहावा. गळ्याला हात न लावता शब्द पुढे येतात.

तळाची अनावश्यक गुरगुर काढणाऱ्या हायपास फिल्टरबाबतही तारतम्य हवे. आपल्या गायकाच्या गळ्यावर तो ८० हर्ट्झला लावला तर काही नुकसान नाही, कारण त्याचा मंद्र पंचमही त्याच्या वरच राहतो. तोच फिल्टर तानपुऱ्यावर लावला तर खर्जाच्या तारेचा मूळ स्वरच क्षीण होतो. काळी चार पट्टीत गाणाऱ्या स्त्रीचा षड्ज २०८ हर्ट्झच्या घरात असतो, तेथे फिल्टर आणखी वर नेता येतो. म्हणून इंटरनेटवर मिळणारे तयार आकडे डोळे झाकून न घेता आधी गायकाची पट्टी विचारावी.

प्रत्येक बदल गाणे पूर्ण चालू असताना करावा. पेटी एकटी ऐकली तर उतरवलेल्या पट्ट्यामुळे ती थोडी पोकळ वाटेल. त्याची चिंता करू नये. श्रोता पेटी एकटी कधीच ऐकणार नाही.

आणखी एक बाब मायक्रोफोनची. गायक स्वतःच पेटी वाजवत असेल तर दोन्ही मायक्रोफोनमध्ये दोन्ही आवाज शिरतात. ध्वनीला एक मीटर अंतर कापण्यास सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. या फरकामुळे दोन्ही ट्रॅक एकत्र केल्यावर काही पट्टे एकमेकांना खाऊन टाकतात आणि आवाज बारीक, पोकळ होतो. एका ट्रॅकची ध्रुवता उलटी करण्याचे बटण बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. ते दाबून ज्या स्थितीत आवाज भरीव वाटेल ती ठेवावी.

कॉम्प्रेसर : लगाम किती खेचावा?

गायक एका ओळीत हळुवार गातो, पुढच्या ओळीत तार षड्जाला भिडतो. हा चढउतार आवरण्याचे काम कॉम्प्रेसर करतो. त्याचे गणित सोपे आहे. मर्यादा उणे २० डेसिबल आणि प्रमाण चारास एक ठेवले, तर उणे १२ पर्यंत जाणारा, म्हणजे मर्यादेच्या आठ डेसिबल वर असलेला आवाज केवळ दोन डेसिबल वर राहतो आणि उणे १८ वर येतो. मोठे आवाज असे खाली आले की संपूर्ण ट्रॅक थोडा वर उचलता येतो आणि हळुवार ओळीही ऐकू येऊ लागतात.

मात्र आपल्या गायकीत हा चढउतार म्हणजेच भाव असतो. तो सपाट केला तर गाण्यातील जीव जातो. आरंभी प्रमाण तीनास एक आणि घट तीन-चार डेसिबलपर्यंतच ठेवावी. उरलेली विषमता फेडरच्या हालचाली मुद्रित करून, म्हणजे ऑटोमेशनने, ओळ न् ओळ ऐकत दूर करावी. हे काम कष्टाचे आहे, पण परिणाम सहज वाटतो. शेवटच्या गजरात लय चढते आणि टाळ घुमू लागतात, तेथे त्यांना मुद्दाम वर येऊ द्यावे. गजर हा दबलेला असूच नये.

तबल्यावर कॉम्प्रेसर लावताना तो किती वेगाने पकड घेतो याकडे लक्ष द्यावे. एका मिलिसेकंदात पकड घेतली तर ‘ना’ची धार बोथट होते. वीस-तीस मिलिसेकंदांची सवड दिली तर आघात निसटून पुढे येतो आणि त्यामागची आस तेवढी आवरली जाते. पकड सुटण्याचा काळ एका मात्रेच्या आत असावा. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची होते.

जागेचा आभास

डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये आवाजाची जागा ठरविणे म्हणजे पॅनिंग. गळा आणि डग्गा मध्यभागी ठेवावेत. पेटी थोडी डावीकडे, टाळ थोडे उजवीकडे सरकविले तर गळ्यासमोरची गर्दी कमी होते. परंतु मंदिरातील कर्णा किंवा साधा भ्रमणध्वनी यांवर डावे-उजवे एकत्रच होते. म्हणून अधूनमधून गाणे मोनोमध्ये ऐकावे. तेथेही शब्द कळले तरच मिश्रण खरे. आकाशवाणीच्या पुणे केंद्राने १९५५-५६ मध्ये प्रसारित केलेले ‘गीत रामायण’ मोनो होते. त्यातील छप्पन गीते घराघरांत पोहोचली ती डाव्या-उजव्या विस्ताराच्या मदतीवाचूनच.

रिव्हर्बमुळे खोलीचा, सभामंडपाचा आभास निर्माण होतो. प्रत्येक ट्रॅकला वेगळा रिव्हर्ब लावण्याऐवजी सर्वांसाठी एकच ठेवून त्यात गळा, पेटी, तबला हवे तेवढे पाठवावेत. सारे कलावंत एकाच जागी बसल्यासारखे वाटतात. मूळ आवाज आणि त्याचा पडसाद यांत तीसेक मिलिसेकंदांचे अंतर ठेवल्यास शब्द स्वच्छ राहतो. पडसादातील २०० हर्ट्झखालचा भाग कापून टाकावा, नाहीतर डग्ग्याचा घुमारा सगळीकडे पसरतो. योग्य प्रमाण ओळखण्याची खूण अशी : रिव्हर्ब जाणवेल इतका वाढवावा आणि मग जाणवेनासा होईपर्यंत कमी करावा.

खोली आणि कान

रिकाम्या भिंतींच्या खोलीत स्पीकरचा आवाज आपटून परततो आणि ऐकणाऱ्याची फसवणूक होते. कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरमधून खर्ज फुगलेला येतो. तो खरा मानून डग्गा कमी केला की दुसऱ्याच्या घरी तो ऐकूच येत नाही. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण करावा, स्पीकर भिंतीपासून दूर घ्यावेत. पुस्तकांनी भरलेले कपाट, जाड गाद्या आणि गोधड्या यांनीही बराच फरक पडतो.

आवाज मध्यम ठेवण्याचे कारण केवळ शेजारधर्माचे नाही. बारीक आवाजात खर्ज आणि तार हे दोन्ही टोकांचे पट्टे कानाला कमी जाणवतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखविले. आवाज मोठा केला की गाणे आपोआप भरदार वाटते आणि चुका झाकल्या जातात. याच कारणाने दोन पर्यायांची तुलना करताना दोन्हींची पातळी समान करून घ्यावी, अन्यथा कान मोठ्या आवाजालाच चांगले म्हणतो.

त्याहून गंभीर बाब आरोग्याची. अमेरिकेतील नायोश या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत ऐकणे चालू शकते. त्यापुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्म्यावर येते. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन. हेडफोन लावून मध्यरात्रीपर्यंत बसणाऱ्या तरुणांनी हे आकडे टेबलासमोर लिहून ठेवावेत. मोठ्या आवाजाने बधिर झालेल्या श्रवणपेशी पुन्हा उगवत नाहीत. दर तासाला दहा मिनिटांची विश्रांती घ्यावी. परत आल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात जे खटकते ते बहुधा खरोखरच चुकलेले असते.

मोठे करण्याचा मोह

तयार मिश्रणाला शेवटचा हात फिरवून ते प्रसिद्धीयोग्य करण्याच्या कामाला मास्टरिंग म्हणतात. येथे गाणे शक्य तितके मोठे करण्याचा मोह होतो. आज त्याचा फायदा उरलेला नाही. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगमध्ये प्रत्येक गाणे उणे १४ एलयूएफएस या मापाच्या जवळपास आणून वाजविते. दाबून मोठे केलेले गाणे तेथे खाली उतरविले जाते आणि दाबल्यामुळे गेलेला जिवंतपणा काही परत येत नाही. उंचवटे उणे एक डेसिबलच्या आत ठेवून गाण्याला श्वास घेऊ द्यावा, हेच शहाणपणाचे.

सराव कशावर करावा?

ऑडॅसिटी हे २००० मध्ये आलेले सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. रीपर साठ दिवस वापरून पाहता येते. अ‍ॅपलच्या संगणकांवर गॅरेजबँड मोफत मिळते. सरावासाठी स्वतःचे मुद्रण नसेल तर माइक सीनिअर या ब्रिटिश लेखकाने नवशिक्यांसाठी इंटरनेटवर सुटे ट्रॅक विनामूल्य उपलब्ध केले आहेत. पद्धतशीर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रण व ध्वनिआरेखनाचा अभ्यासक्रम आहे. मात्र सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयुक्त सराव म्हणजे आवडीचे एखादे जुने भावगीत रोज एकदा, एकेका वाद्यावर लक्ष ठेवून ऐकणे. पेटी कोठे थांबते, तबला शब्दांमध्ये कसा गप्प राहतो, हे तेथे शिकायला मिळते. जुन्या साथीदारांना दुसऱ्यासाठी जागा सोडणे ठाऊक होते. मिक्सिंग करणाऱ्याला फेडरवर बोट ठेवून तेच करावयाचे असते.

चौकट : कामाचा क्रम

- मूळ मुद्रणाची प्रत जपून ठेवा, नको असलेले आवाज काढा.
- फक्त फेडर वापरून समतोल साधा आणि अगदी बारीक आवाजात तपासा.
- झाकणारे वाद्य शोधा, त्याचाच पट्टा थोडा उतरवा.
- कॉम्प्रेसर बेताने लावा, उरलेले काम ऑटोमेशनने करा.
- सर्वांसाठी एकच रिव्हर्ब ठेवा. मोनोमध्ये, भ्रमणध्वनीवर आणि दुसऱ्याच्या घरी ऐकून पाहा.
- एक रात्र जाऊ द्या. सकाळी ताज्या कानांनी ऐकून मगच गाणे लोकांपुढे ठेवा.